धुऱ्याखालचं तेल

दिवाळीनंतर आमच्या गावच्या अभ्यासिकेतल्या एका पोरीनं वहीचं पान फाडून मला प्रश्न आणून दिला. राज्यसेवेची तयारी करते. बाप पऱ्हाटी-सोयाबीनवाला, माझा धुरेकरी, म्हणजे धुऱ्याला (बांधाला) लागून वावर असलेला शेजारी. प्रश्न असा:

"काकाजी, पानठेल्यावर सगळे म्हणतात का मुसलमान देश शेवटी एकच असतात, अन् अमेरिका जिथं तेल तिथं जाते. क्लासच्या नोट्समध्ये लिहिलं आहे की परराष्ट्र धोरण राष्ट्रीय हितावर चालतं, धर्माचा संबंध नाही. मग सौदीचं अन् इराणचं काहून जमत नाही? अमेरिका सौदीचीही दोस्त अन् इस्रायलचीही, हे कसं? आता सौदीनं पाकिस्तानशी संरक्षण करार केला, तर आपलं तेल बंद होईन का? उत्तरात तेल लिहू का धर्म?"

तोंडी सांगायला बसलो तर दोनदा चहा होऊनही मी १९४५च्या पुढे सरकलो नाही. म्हणून लिहून काढतो आहे.

आधी माझा अधिकार काय, ते सांगतो. मी एका सरकारी तेल कंपनीत ३६ वर्षं होतो. त्यातली बहुतेक कच्च्या तेलाच्या खरेदीत आणि जहाजांच्या वेळापत्रकात गेली. कोणत्या देशाचं किती तेल, कोणत्या महिन्यात, कोणत्या जहाजात, पैसे कोणत्या बँकेतून, हे माझं काम. मी राजदूत नव्हे. करार करणारे कोट घालून फोटोत यायचे आणि त्या कराराचं जहाज बंदराला लागेस्तोवर झोप आमची उडायची. २०१८ला निवृत्त झालो आणि अकोला जिल्ह्यात, खारपाणपट्ट्यातल्या वडिलांच्या सात एकरांवर परत आलो. गायगावच्या डेपोतून निघालेले टँकर आमच्या फाट्यावरून जाताना दिसले की अजूनही मनात येतं, हे कोणत्या देशाचं असेल.

तर पोरी, तुझ्या प्रश्नातला "का" काढून टाक. तेल की धर्म असं नसतं. कोणाशी बसायचं हे बहुतेक वेळा गरज ठरवते, आणि तेल ही मोठी गरज. पण ज्याच्याशी बसलो त्याच्यासाठी राजाला घरात काय किंमत मोजावी लागेल, हे धर्म ठरवतो. कधीकधी ती किंमत एवढी होते की राजा उठून जातो. तुझ्या नोट्स लिहिणाऱ्यानं हा दुसरा भाग सोडून दिला आणि पानठेल्यानं पहिला.

आता धुऱ्यापासून सुरू करतो, कारण ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. आपल्याकडे दोन भाऊ एकाच पालखीत टाळ वाजवत शेगावला जातात आणि परत आले की धुऱ्यावरून तहसील गाठतात. देव एक, बाप एक, पण धुरा वेगळा. त्यात शेजाऱ्यानं धुऱ्याला खेटून बोअर मारला तर भांडण आणखी अवघड, कारण जमिनीच्या खाली धुरा नसतो. पाणी कोणाच्या वावरातलं, कोण सांगणार?

जुलै १९९०मध्ये इराकनं कुवेतवर नेमका हाच आरोप केला. रुमैला नावाचं तेलक्षेत्र आहे. बहुतेक इराकमध्ये, शेपूट कुवेतमध्ये. सद्दाम हुसेनचं म्हणणं, तुम्ही तिकडून आमचं २४० कोटी डॉलरचं तेल ओढलं. शिवाय ठरल्यापेक्षा जास्त तेल काढून बाजार पाडता. शिवाय इराणशी आठ वर्षं लढताना तुमच्याकडून घेतलेलं कर्ज माफ करा, कारण लढलो ते तुमच्यासाठीच. २ ऑगस्टला रणगाडे कुवेतमध्ये. दोन्ही देश अरब, दोन्ही मुसलमान. पानठेल्यावर हे सांगून बघ, उत्तर येत नाही. त्याआधीची इराण-इराक लढाईही आठव, १९८० ते १९८८. इराकमध्ये बहुसंख्य लोक शिया (सुन्नींखालोखाल मुसलमानांचा दुसरा मोठा पंथ), इराणही शिया, तरी इराकी सैन्यातले हजारो शिया जवान इराणविरुद्ध लढले आणि मेले.

मी तेव्हा विभागात नवा होतो. ६ ऑगस्टला संयुक्त राष्ट्रांनी इराकवर व्यापारबंदी लावली आणि आमच्या तक्त्यावरचे दोन मोठे पुरवठादार एकाच आठवड्यात पुसले गेले. २० डॉलरच्याही खाली असलेलं पिंप ऑक्टोबरपर्यंत ४० डॉलरच्या आसपास पोचलं. दुसऱ्या देशाचं तेल घ्या म्हणणं सोपं असतं. कच्चं तेल म्हणजे काही पाणी नव्हे. कुठलं गोड, म्हणजे गंधक कमी असलेलं, कुठलं आंबट. आंबट तेल सगळ्याच रिफायनरींना पचत नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये सोयाबीन टाकून बघ, तशातला प्रकार. ज्या देशाच्या तेलावर तुमची रिफायनरी बेतलेली असते, त्याच्याशी संबंध तोडायला मंत्र्याचं भाषण पुरत नाही. परराष्ट्र धोरणाच्या पुस्तकात हे फारसं येत नाही, पण दोस्ती टिकण्यामागे हे एक मोठं कारण असतं.

त्याच महिन्यात आपले परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले आणि सद्दामनं त्यांना मिठी मारली. तो फोटो जगभर गेला, टीकाही खूप झाली. पण कुवेतमध्ये आपली १ लाख ७० हजारांच्या आसपास माणसं अडकली होती आणि त्यांची वाट इराक-जॉर्डनवरून होती. शिवाय काश्मीरच्या प्रश्नावर सद्दाम आपल्या बाजूनं बोलणारा मोजक्या अरब नेत्यांपैकी एक. म्हणजे मुसलमान देशाचा मुसलमान नेता काश्मीरवर आपल्याकडून! कारण त्याचा बाथ पक्ष धर्मापेक्षा अरब राष्ट्रवादावर उभा होता. हा फरक उत्तरात आलाच पाहिजे.

आता गंमत बघ. तोच सद्दाम अमेरिकेचा हल्ला तोंडावर आल्यावर, जानेवारी १९९१मध्ये, इराकच्या झेंड्यावर "अल्लाहू अकबर" लिहून घेतो. त्याआधी ते नव्हतं. निवडणूक जवळ आली की आपल्याकडचा पुढारी अचानक हरिनाम सप्ताहाला मोठी देणगी देतो, तसंच. पानठेल्यावरचा शहाणा इथं म्हणेल, बघा, धर्म म्हणजे नुसता रंग. थांब. ही अर्धीच गोष्ट झाली.

दुसरी अर्धी सौदी अरेबियात घडत होती. सद्दाम आता आपल्या तेलविहिरींवर येईल, या भीतीनं राजा फहदनं अमेरिकेला फौज पाठवायला सांगितलं. तेलाच्या हिशेबानं यात प्रश्नच नव्हता. पण मक्का-मदिनेचा रखवालदार म्हणवणाऱ्या राजानं परधर्मीयांची फौज देशात आणायची? राजाचा हुकूम एकटा पुरेना. देशातले सर्वात मोठे धर्मपंडित अब्दुल अझीझ बिन बाझ यांचा फतवा घ्यावा लागला की, संरक्षणासाठी हे चालतं. फतवा मिळाला, फौज आली, कुवेत सुटलं. पण तो सगळ्यांना पटला नाही. सौदीतले तरुण धर्मोपदेशक उघड बोलायला लागले, आणि ओसामा बिन लादेननं पुढं अमेरिकेविरुद्ध जी कारणं दिली त्यांत ही फौज वरच्या क्रमांकावर होती. २००३मध्ये अमेरिकेनं बहुतेक फौज तिथून हलवली. तेलानं जे दहा दिवसांत जमवलं, त्याचं देणं धर्मानं दहा-बारा वर्षं वसूल केलं. रंग एवढा महाग नसतो.

सौदीचं हे गणित आजचं नाही. १७४४च्या सुमारास दिरिया गावच्या मुहंमद बिन सौद या सरदाराचा आणि मुहंमद बिन अब्दुल वहाब या धर्मसुधारकाचा समझोता झाला. तलवार तुमची, धर्म आमचा. त्या घराण्याचं आजचं राज्य १९३२ला उभं राहिलं तेव्हा तिथं तेल सापडलेलंच नव्हतं. मग राज्य चालायचं कशावर? हजवर. यात्रेकरू यायचे, कर द्यायचे. आणि तेव्हाच जगभर मंदी आली, यात्रेकरू आटले. कोरोनात शेगावचं मंदिर बंद होतं तेव्हा बाहेरच्या फुल-प्रसादवाल्यांची काय गत झाली ते तू पाहिलंस. इथं तशी गत अख्ख्या राज्याची झाली. तिजोरी रिकामी झाली म्हणून राजा अब्दुल अझीझनं मे १९३३मध्ये एका अमेरिकन कंपनीला तेल शोधायची परवानगी दिली. आधी हातात काय पडलं? ३५,००० पौंडांची सोन्याची नाणी. १९३८च्या मार्चमध्ये दम्मामच्या ७ नंबरच्या विहिरीला तेल लागलं. धर्माच्या यात्रेचं उत्पन्न बुडालं म्हणून तेलाचा करार झाला! तेल आणि धर्म वेगळ्या रकान्यांत लिहिणाऱ्यांना मी ही तारीख नेहमी सांगतो.

तुझा दुसरा प्रश्न, अमेरिका दोघांची दोस्त कशी. १४ फेब्रुवारी १९४५ला सुएझ कालव्यातल्या ग्रेट बिटर लेकमध्ये क्विन्सी नावाच्या युद्धनौकेवर रूझवेल्ट आणि राजा अब्दुल अझीझ भेटले. "तेलाच्या बदल्यात संरक्षण" असा सौदा तिथं झाला, असं सगळ्या गाइडांत छापलेलं असतं. त्या भेटीची अमेरिकन नोंद उपलब्ध आहे, आणि तिच्यात बोलणं मुख्यतः पॅलेस्टाईनवर आहे. युरोपातल्या छळातून वाचलेल्या ज्यूंना कुठं वसवायचं, असं रूझवेल्ट विचारतात. ज्यांनी छळलं त्या जर्मनांच्या जमिनीवर वसवा, असं राजा सांगतो. तेलाचं नातं तेव्हा आकार घेत होतं हे खरंच, पण नोंदीत बोलणं रंगलं ते पॅलेस्टाईनवर. रूझवेल्टनं त्याला स्वतःची जादा चाकाची खुर्ची भेट दिली, कारण राजालाही चालणं जड जायचं. मला ही भेट फार आवडते. दोन आजारी म्हातारे, आणि पुढच्या ८० वर्षांचं भांडण पहिल्याच बैठकीत टेबलावर.

तीन वर्षांनी, १४ मे १९४८ला, इस्रायल जाहीर झालं आणि राष्ट्राध्यक्ष ट्रुमननं ११ मिनिटांत मान्यता दिली. परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल कडाडून विरोधात होते. एवढे की, असं केलंत तर येत्या निवडणुकीत मी तुमच्याविरुद्ध मत देईन, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. संरक्षणमंत्री फॉरेस्टल यांना अरबांच्या तेलाची चिंता होती. तेलाचा सगळा हिशेब एका बाजूला, तरी ट्रुमन दुसऱ्या बाजूला गेले. बायबल पाठ असलेला बाप्टिस्ट माणूस, समोर निवडणूक, ज्यूंच्या छळाची ताजी जखम आणि रशिया आधी मान्यता देईल ही धास्ती. यातलं किती काय, हे वेगळं काढता येत नाही. पण इथं तेल हरलं, हे नक्की. पुढं अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल ख्रिश्चनांमध्ये इस्रायलला पाठिंबा हा श्रद्धेचा भाग होत गेला. ज्यूंचं त्या भूमीत परतणं ही बायबलातली भविष्यवाणी आहे, असं त्यांच्यातले पुष्कळ जण मानतात, आणि ही मतपेढी मोठी आहे. १४ मे २०१८ला अमेरिकेनं वकिलात जेरुसलेमला नेली तेव्हा कार्यक्रमात प्रार्थना म्हणायला टेक्सासचे धर्मोपदेशक होते.

मग सौदी रागावून उठलं का? १९७३ला उठलं होतं. राजा फैसल जेरुसलेमच्या बाबतीत मनापासून धार्मिक होता. ऑक्टोबर १९७३च्या अरब-इस्रायल युद्धात अमेरिकेनं इस्रायलला शस्त्रं पुरवली आणि अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं. मार्च १९७४पर्यंत बंदी टिकली. जूनमध्ये तर सौदी-अमेरिका आर्थिक सहकार्याचा संयुक्त आयोगही झाला, आणि महागड्या तेलाचे डॉलर अमेरिकी सरकारी रोख्यांत परत जायला लागले. २०१८ला मात्र निषेधाचं पत्रक निघालं, बस. मधल्या काळात सौदीच्या मनात इस्रायलपेक्षा इराणची भीती मोठी झाली होती.

१९७३चा आमच्या घरातला भाग सांगायचा राहिला. पिंपाचा भाव ३ डॉलरच्या आसपासवरून १२ डॉलरच्या जवळ गेला, चार महिन्यांत. मी पंधरा-सोळा वर्षांचा. रेशनच्या रॉकेलला रांग, आणि आई कंदिलाची वात एवढी खाली करायची की पुस्तकातली जोडाक्षरं फुटायची नाहीत. भारत त्या युद्धात अरबांच्या बाजूनं होता. इस्रायलशी आपले पूर्ण राजनैतिक संबंधही नव्हते, ते १९९२ला झाले. एवढी निष्ठा दाखवून बिलात सूट किती? भाव आपल्याला तोच, जो सगळ्यांना. इराण-इराकनं उधारी दिली, हात जरा सैल सोडला, एवढंच. निष्ठेला दोन महिन्यांची मुदत मिळते, भाव कमी होत नाही. हे मी पुढं नोकरीत पुन्हा पुन्हा पाहिलं.

आता इराण. शहाच्या काळात इराण इस्रायलला तेल विकायचा. इस्रायलमधली एलात ते अश्कलोन ही तेलवाहिनी १९६८ला दोघांनी भागीदारीत टाकली. १९७९ला क्रांती झाली, धर्मगुरू खोमेनी सत्तेवर आले आणि ते तेल बंद झालं. धर्म जिंकला ना? तरी त्यानंतर इराकशी लढाई लागली तेव्हा इस्रायलनं त्याच खोमेनींच्या इराणला गुपचूप शस्त्रं विकली, कारण इराक दोघांचाही शत्रू. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हे. पण इराणच्या बाबतीत "नुसतं हित" हेही सूत्र पुरत नाही. चार दशकं निर्बंध सोसून, तेल निम्म्या ग्राहकांना विकता येत नसताना, लेबनॉनमधल्या हिजबुल्लाह या सशस्त्र शिया संघटनेला पोसणं हे कुठल्याही खरेदी विभागाच्या हिशेबात बसणार नाही. सत्तेची गादीच क्रांतीच्या धर्मकल्पनेवर ठेवलेली असली की ती कल्पना सोडणं म्हणजे गादी सोडणं.

आणि तरीही शेजारी अझरबैजान बघ. लोक बहुसंख्य शिया. त्याचं भांडण ख्रिस्ती आर्मेनियाशी. इराणचे जवळचे संबंध कोणाशी? आर्मेनियाशी. कारण इराणच्या आत अझेरी लोक खुद्द अझरबैजानपेक्षा जास्त आहेत आणि ते उद्या तिकडं ओढले जातील ही भीती. इस्रायलच्या कच्च्या तेलाचा मोठा वाटा याच शिया अझरबैजानातून, बाकू-जेहान वाहिनीनं तुर्कस्तानच्या बंदरात येऊन जातो. २०२०च्या युद्धात अझरबैजानच्या हातात इस्रायली ड्रोन होते. शिया देश, ज्यू ग्राहक, सुन्नी तुर्कस्तानचं बंदर, आणि विरोधात ख्रिस्ती आर्मेनियाला शिया इराणचा आधार. परीक्षेत एकच उदाहरण लिहायला वेळ असला तर हे लिही.

इराणचा आपल्या वावराशी थेट संबंध आहे, तो बहुतेकांना माहीत नाही. २०१२नंतर निर्बंधांमुळं इराणला डॉलरमध्ये पैसे देता येईनात. मग तेलाच्या बिलाचा ४५ टक्के भाग रुपयांत, कोलकात्याच्या युको बँकेत इराणच्या खात्यावर जमा व्हायला लागला. त्या रुपयांतून इराणनं काय घ्यायचं? भारतातलाच माल. बासमती, चहा, औषधं आणि सोयापेंड. इराण हा आपल्या सोयापेंडीचा मोठा गिऱ्हाईक होता. इराणी तेल विकणारेही गोड बोलायचे: ६० दिवसांची उधारी, वाहतुकीत सवलत. आमच्या तक्त्यावर ते तेल नेहमी परवडणारं दिसायचं. मे २०१९ला अमेरिकेनं निर्बंधांतून आपल्याला दिलेली सूट काढली, आपण तेल बंद केलं. तेल बंद म्हणजे खात्यात रुपये बंद, रुपये बंद म्हणजे पेंडीचा तो गिऱ्हाईक हळूहळू गेला. सोयाबीनचा भाव दहा गोष्टींनी ठरतो, सगळं इराणवर ढकलायचं नाही. पण वॉशिंग्टनमधल्या एका सहीची झळ अकोल्याच्या बाजार समितीच्या ओट्यापर्यंत पोचू शकते, ती अशी. इराणशी आपली संस्कृती हजारो वर्षं जुनी, वगैरे भाषणं तेव्हाही चालूच होती.

भारताचं स्वतःचं उदाहरण मला दोन तारखांत सांगायला आवडतं. ऑगस्ट १९६९मध्ये जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीत जाळपोळ झाली आणि सप्टेंबरात मोरोक्कोच्या रबातला इस्लामी देशांची परिषद भरली. भारतात मुसलमानांची संख्या मोठी म्हणून आपल्यालाही बोलावणं आलं. फखरुद्दीन अली अहमद यांचं शिष्टमंडळ तिथं पोचलंसुद्धा. पाकिस्तानचे याह्या खान अडून बसले, आणि आपल्याला दाराबाहेर ठेवण्यात आलं. लग्नाला बोलावून पंगतीतून उठवल्यासारखं. जवळपास ५० वर्षांनी, १ मार्च २०१९ला, त्याच परिषदेतून उभ्या राहिलेल्या संघटनेच्या अबू धाबीतल्या बैठकीत सुषमा स्वराज सन्माननीय पाहुण्या होत्या. बालाकोटला तीन दिवस झाले होते. या वेळी पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री आले नाहीत. यजमान कोण, तर संयुक्त अरब अमिरात, ज्यांच्या तेल कंपनीनं वर्षभर आधीपासून मंगळुरूच्या भूमिगत साठ्यात स्वतःचं तेल आणून ठेवायला सुरुवात केली होती. ५० वर्षांत इस्लाम बदलला नाही, काश्मीर बदललं नाही. गिऱ्हाईक म्हणून आपलं वजन बदललं. अबू धाबीत राज्यकर्त्यांनी दिलेल्या जमिनीवर २०२४ला हिंदू मंदिराचं उद्घाटन झालं, ते याच वाटेवरचं.

पण वजन वाढलं म्हणून धर्म गप्प बसत नाही. जून २०२२मध्ये सत्ताधारी पक्षाच्या प्रवक्त्याचं प्रेषितांबद्दलचं वक्तव्य गाजलं. आपले उपराष्ट्रपती दोह्यात असतानाच कतारनं भारताच्या राजदूताला बोलावून घेतलं, मागोमाग इतरांनी. पक्षाला निलंबन करावं लागलं. गॅसचं जहाज मात्र एकही थांबलं नाही. आपल्या वावरात पडणारा युरिया नैसर्गिक वायूपासून होतो आणि त्या वायूचा मोठा वाटा कतारचा, हे पोत्यावर लिहिलेलं नसतं. पुढं फेब्रुवारी २०२४मध्ये, ६ तारखेला, कतारबरोबर २० वर्षांचा वायूकरार वाढवला गेला, आणि १२ तारखेला तिथं आधी फाशीची शिक्षा झालेले नौदलाचे आठ माजी लोक सुटले. मी नातं लावत नाही. फक्त तारखा सांगतो.

चीनबद्दल एकच गोष्ट. शिनजियांगमधल्या उइगुर मुसलमानांच्या छळवणुकीवरून जुलै २०१९मध्ये पाश्चात्त्य देशांनी संयुक्त राष्ट्रांत पत्र दिलं. चीनची बाजू घेणाऱ्या उलट पत्रावर सौदी अरेबिया, अमिरात, पाकिस्तान यांच्या सह्या होत्या. कच्चं तेल सगळ्यात जास्त आयात करणारा देश चीन. पुढं काही सांगत नाही. रशियाच्या तेलात तर धर्म औषधालाही नाही: २०२२च्या आधी आपल्या आयातीत २ टक्क्यांच्या आसपास, वर्षभरात एक तृतीयांशाच्या पुढं, केवळ सवलतीमुळं. त्याची किंमत ऑगस्ट २०२५मध्ये लागलेल्या अमेरिकेच्या २५ टक्के जादा शुल्कात मोजावी लागली.

नोकरीतली एक बारीक गोष्ट सांगतो, कारण तेल आणि धर्माचं रोजचं नातं मला त्यात दिसतं. सौदीत पूर्वी गुरुवार-शुक्रवार सुट्टी, आपली रविवारी. आठवड्यात दोन्हीकडची कार्यालयं उघडी असे दिवस जेमतेम चार. रमजानमध्ये तर बोलणी रात्री दहानंतर. आम्ही कुरकुरायचो, पण सांभाळून घ्यायचो, कारण गरज आपली. मग २०१३ला सौदीनं सुट्टी शुक्रवार-शनिवारवर नेली. जानेवारी २०२२पासून अमिरातीनं शनिवार-रविवार केली, शुक्रवारी अर्धा दिवस काम, नमाजाच्या आधी कार्यालय बंद. म्हणजे जगाच्या बाजारासाठी सुट्टीचा वार सरकला, शुक्रवारची नमाज मात्र शुक्रवारीच राहिली. कोणती गोष्ट सरकते आणि कोणती सरकत नाही, हे ओळखण्यात आमच्या विभागातल्या मुरलेल्या माणसाचा पगार वसूल व्हायचा.

राहिला सौदी-पाकिस्तान करार, सप्टेंबर २०२५चा. एकावर हल्ला तो दोघांवर हल्ला, असं त्यात म्हटलं आहे. घाबरण्याआधी एप्रिल २०१५ आठव. येमेनच्या युद्धात सौदीनं पाकिस्तानकडे फौज, विमानं, जहाजं मागितली होती. धर्मबंधू, शिवाय वेळोवेळी उधार तेल दिलेलं. पाकिस्तानच्या संसदेनं ठराव केला: आम्ही तटस्थ. अर्थात, घरात शिया लोकसंख्या आणि शेजारी इराण असताना दुसरं काय करणार? कागद तेव्हा नव्हता, आता आहे, हा फरक आहेच, आणि दिल्लीनं तो हलका घेऊ नये. पण सौदी आपलं तेल तोडणार नाही. १९६५, १९७१ला सौदी पाकिस्तानच्या बाजूनं होतं, तरी त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत त्यांचं तेल आपल्याकडे येत राहिलं, पुष्कळसं माझ्या हातच्या वेळापत्रकानं. आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून घेतो. एवढा गिऱ्हाईक रागापोटी कोणी रशियाला देऊन टाकत नाही.

विकणारा तेल तोडेल ही चिंता मी करत नाही. रस्ता बंद होण्याची करतो. होर्मुझची सामुद्रधुनी म्हणजे आखातातून तेल बाहेर पडायचा समुद्री दरवाजा. सर्वात अरुंद जागी ३३ किलोमीटरच्या आसपास, आणि जहाजांनी जायची-यायची पट्टी प्रत्येकी साधारण तीनच किलोमीटर. २०२४ला जगानं वापरलेल्या तेलाच्या पाचव्या हिश्श्याएवढं तेल तिथून गेलं. एका काठाला शिया इराण, दुसऱ्या काठाला ओमान, ज्याचं राजघराणं सुन्नीही नाही आणि शियाही नाही, इबादी पंथाचं, आणि म्हणूनच की काय दोघांच्या मध्ये निरोप पोचवायला नेहमी पुढं. सौदीची एक वाहिनी आडवी तांबड्या समुद्रावर यनबूला जाते, अमिरातीची सामुद्रधुनीबाहेरच्या फुजैरा बंदरापर्यंत. पण दोन्ही मिळून सगळं तेल पेलत नाहीत, आणि कुवेत, कतारला दुसरी वाटच नाही.

तुझ्या वहीच्या पानामागे मी पेन्सिलीनं तो नकाशा काढला आहे. यनबू जरा खाली सरकलं आहे, पुस्तकात बघून दुरुस्त कर. आणि बापाला सांग, धुऱ्यावरचं ते बाभळीचं झाड मी तोडलं नाही, वादळानं पडलं.